डावी कड

नवी बॉडी घेतली, ती नवी नव्हती.
बोराबाजारात, दुसऱ्या मजल्यावर,
एकतीस हजार वेळा शटर उघडलेली,
कुणाच्या तरी अंगठ्याने पकडीचं रबर गुळगुळीत केलेलं.
शेजारी जास्त पिक्सेलवाली होती, आकडे मोठे.
पण ही हातात घेतली आणि
मनगट काही बोललं नाही,
म्हणून ही.

जुनीचा सेन्सर लहान. माझं सोळाचं भिंग
तिच्यावर चोवीसचं होऊन बसायचं,
आणि गडाशेठना
दोनशे पंच्याऐंशी चौरस फूट
पाहणाऱ्याला पळावंसं वाटेल इतकं हवं असायचं.
"मॅडम, खोली खेचा जरा."
मी खोल्या खेचते. गेली सहा वर्षं.
मुलुंड, भांडुप, चुनाभट्टी,
संडासाचा दरवाजा बंद, पंखा बंद, दिवे सगळे चालू.

नव्या बॉडीवर पहिल्याच दिवशी
डावीकडचं कपाट विरघळलं.
उजवीकडे कॅलेंडरवरची चतुर्थी वाचता येत होती,
आणि डावीकडे गोदरेजचं लोखंड
ताकात पडल्यासारखं.
छिद्र आठवर नेलं, अकरावर नेलं.
तिकाटण्याला विटा बांधल्या.
फोकस हाताने फिरवून फिरवून बोट दुखलं.
एक रात्र भिंग तांदळाच्या डब्यातही ठेवलं,
तर आई म्हणाली, भाताला चामड्याचा वास येतोय.
शेवटी बॉडीलाच शिव्या घातल्या, ती नवीन होती ना घरात.

मुस्तनसिरभाईंच्या दुकानाची मागची भिंत
वर्तमानपत्रांनी मढवलेली,
छोट्या जाहिराती, आठ-आठ ओळींच्या:
जागा देणे आहे, जागा पाहिजे.
त्यावर ते भिंगं तपासतात.
"आजार कोणाबरोबर चालतो ते बघायचं," म्हणाले,
आणि माझं भिंग त्यांच्या बॉडीवर चढवलं.
आजार भिंगाबरोबर गेला.
त्यांचं भिंग माझ्या बॉडीवर,
माझी बॉडी कोपऱ्याकोपऱ्यातलं
"डिपॉझिट नाही" वाचू लागली.

"पडलं होतं?"
नाही, म्हणाले.
मग भांडुपचा जिना आठवला.
"पडलं नाही. आपटलं."
टॉर्च आत धरून ते बराच वेळ बघत राहिले.
"बुरशी नाही. दर्या अजून आत शिरला नाही, नशीब तुमचं.
एक काच केसभर सरकलीय.
जुनी बॉडी फक्त मधलं बघायची,
कड तिच्या नजरेत आलीच नाही कधी.
अठराशे. मंगळवारी या."

बुधवारी चुनाभट्टी. तळमजला, मोरीला लागून हॉल.
बाईंनी दोरीवरचे कपडे आधीच उतरवले होते,
ओल्यासकट कवेत घेऊन
दाराआड उभ्या.
"दिसते का मी?"
नाही, म्हटलं. मी नेहमी नाहीच म्हणते.
वीस मिनिटं मी भिंती सरळ करत होते.
टपटप ऐकू येत होतं, नळ असेल असं वाटलं.

रात्री पडद्यावर शंभर टक्क्यांवर नेलं.
डावी कड लख्ख.
कपाट नाही, भिंत नाही: एक कोपर,
त्यावर दोन हिरव्या बांगड्या, त्यातली एक तडकलेली,
आणि रुंद भिंग कडेला करतं तसं
हाताएवढं लांब झालेलं,
खोलीच्या बाहेरून खोलीत आलेलं.
कोपराच्या टोकाला पाण्याचा थेंब,
तोही फोकसमध्ये.

सहा वर्षांच्या खोल्या उघडून बसले मग.
कुठेच काही नाही.
जुनी बॉडी मधलंच बघायची.

गडाशेठचा फोन: "बाजूला काय ते हाताचं,
कापा ना मॅडम."
कापलं.
हॉल एका फुटाने लहान झाला.
त्यांनी तो परत पाठवला,
म्हणाले, पहिल्यात मोठा वाटत होता.